वुल्व्हजचे हंगाम : क्रमांक, श्रेणी आणि शेरा

इंग्लंडमधल्या एखाद्या फुटबॉल क्लबची थोरवी सांगायची वेळ आली की बहुतेक जण त्याने जिंकलेले चषक मोजतात. आमच्या नेरूळमध्ये संध्याकाळी मैदानावर खेळायला येणाऱ्या मुलांच्या अंगावरही ज्या जर्सी दिसतात, त्या चषकांच्या यादीत वर असलेल्या दोन-चार क्लबांच्याच असतात. माझा जीव मात्र वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स, म्हणजेच वुल्व्हज, या क्लबवर आहे आणि तो जडला तो या क्लबच्या हंगामवार नोंदींमुळे. १८८८ पासूनचे सगळे हंगाम एकाखाली एक मांडून प्रत्येकापुढे श्रेणी, विजय, बरोबरी, पराभव, गोल, गुण आणि शेवटचा क्रमांक लिहिला की जो दस्तऐवज तयार होतो, तो मला कोणत्याही चषकापेक्षा अधिक बोलका वाटतो. मात्र त्यातला नुसता क्रमांक वाचून काहीच हाती लागत नाही. तो क्रमांक कोणत्या श्रेणीतला आहे आणि त्या वर्षी कोणता नियम लागू होता, हे शेजारी ठेवूनच प्रत्येक ओळ वाचावी लागते. तशी ती वाचली, तर या क्लबच्या सर्वांत मोलाच्या ओळी त्याच्या वैभवाच्या १९५० च्या दशकातल्या नसून त्याच्या दैन्याच्या १९८० च्या दशकातल्या आहेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

या नोंदी मी हाताने लिहितो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात लाल कापडी पाठीच्या लांबट खतावण्या मिळतात, तसल्या एका खतावणीत रकाने आखून मी त्या उतरवून घेतल्या आहेत. शेवटचा रकाना 'शेरा' या नावाने मोकळा सोडला आहे आणि सर्वांत जास्त मजकूर तिथेच साठला आहे. सातबाऱ्यावरच्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो आणि तो फेरफार काढून पाहिल्याशिवाय जमिनीची हकीकत कळत नाही, तसेच या रकान्याचे आहे.

पहिलीच ओळ पाहा. १८८८-८९ मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली आणि त्या बारांत वुल्व्हज होते. २२ सामन्यांत २८ गुण मिळवून ते तिसरे आले. ४० गुण मिळवणारे प्रेस्टन नॉर्थ एंड एकही सामना न हरता विजेते ठरले. त्याच हंगामात एफए कप या देशभरातल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही प्रेस्टनने वुल्व्हजला ३-० असे हरवले. माझ्या शेऱ्यात इथे आणखी एक गोष्ट आहे. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण देण्याची पद्धत ठरली, ती हंगाम सुरू होऊन बरेच सामने खेळून झाल्यावर. म्हणजे सप्टेंबरमध्ये मैदानात उतरलेल्या खेळाडूंना आपण कोणत्या हिशेबाने खेळत आहोत हेच ठाऊक नव्हते.

त्यानंतरची तीसेक वर्षे मी भराभर ओलांडतो. १८९३ मध्ये एव्हर्टनला १-० असे हरवून पहिला एफए कप मिळाला. १९०५-०६ मध्ये तळाला राहिल्यामुळे क्लब दुसऱ्या विभागात घसरला आणि तिथे असतानाच १९०८ मध्ये न्यूकॅसलला ३-१ असे नमवून त्याने पुन्हा एफए कप जिंकला. पहिल्या महायुद्धाने चार हंगाम गिळले. १९२२-२३ मध्ये आणखी एक पायरी घसरून क्लब तिसऱ्या विभागाच्या उत्तर गटात गेला. त्या गटातून दर वर्षी फक्त विजेत्यालाच वर जाता येत असे. वुल्व्हज ६३ गुणांसह विजेते ठरले, तेव्हा दुसऱ्या आलेल्या रॉचडेलचे गुण होते ६२. त्या एका गुणाच्या जोरावर क्लब एका वर्षात तिथून बाहेर पडला.

इथे विभागांच्या नावांविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण नवा वाचक हमखास इथे चकतो. १९५८ पूर्वी तिसरा विभाग उत्तर आणि दक्षिण असा विभागलेला होता. त्या वर्षी दोन्ही गटांची फेरमांडणी होऊन देशभराचा एक तिसरा आणि एक चौथा विभाग तयार झाला. १९९२ मध्ये वरच्या क्लबांनी प्रीमियर लीग काढली, तेव्हा उरलेल्या लीगमधले सर्वच विभाग नावाने एकेक पायरी वर सरकले. २००४ मध्ये पुन्हा नावे बदलून चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशी झाली. त्यामुळे वुल्व्हजच्या यादीत १९३८ पुढे 'पहिला विभाग' आहे आणि १९९८ पुढेही 'पहिला विभाग'च आहे, पण १९३८ चा पहिला विभाग देशातली सर्वोच्च श्रेणी होती आणि १९९८ चा दुसरी. माझ्या वहीत म्हणूनच विभागाच्या अधिकृत नावाशेजारी श्रेणीचा आकडा स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. तो नसता तर १९९० च्या दशकातला क्लब वाचणाऱ्याला खूपच श्रीमंत भासला असता.

मेजर फ्रँक बकली मॅनेजर असताना १९३१-३२ मध्ये दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळाले आणि क्लब पुन्हा पहिल्या श्रेणीत आला. १९३७-३८ मध्ये ५२ गुणांच्या आर्सेनलमागे ५१ गुणांवर उपविजेता. १९३८-३९ मध्ये एव्हर्टनमागे पुन्हा उपविजेता, आणि त्याच हंगामात एफए कपच्या अंतिम सामन्यात पोर्ट्स्मथकडून १-४ असा पराभव. त्याखालची १९३९-४० ची ओळ तीन सामन्यांनंतर तुटते, कारण दुसरे महायुद्ध सुरू झाले. घडणीत आलेला तो तरुण संघ पुढची सात वर्षे लीगचा एकही सामना खेळू शकला नाही.

युद्धानंतरची पहिली ओळ, १९४६-४७, ही मला संपूर्ण वहीतली सर्वांत उद्बोधक ओळ वाटते. शेवटच्या सामन्याआधी वुल्व्हजचे ५६ गुण होते आणि लिव्हरपूलचे ५५. ३१ मे १९४७ रोजी हे दोघे वुल्व्हजच्याच मोलिन्यू मैदानावर समोरासमोर आले आणि लिव्हरपूलने २-१ असा विजय मिळवला. कर्णधार स्टॅन कलिस यांचा खेळाडू म्हणून तो अखेरचा सामना होता. लिव्हरपूलचा आल्बर्ट स्टबिन्स चेंडू घेऊन निसटला, तेव्हा त्याला मागून पाडणे कलिस यांना शक्य होते, पण त्यांनी ते केले नाही, असे आजही सांगतात. स्टबिन्सने गोल केला. लिव्हरपूल ५७ गुणांसह विजेते झाले आणि मँचेस्टर युनायटेड व वुल्व्हज ५६ गुणांवर बरोबरीत राहिले.

त्या दोघांत दुसरे कोण, हे त्या काळी गोल-सरासरीने ठरत असे. केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचे आणि ज्याचा भागाकार मोठा, तो वर. युनायटेडचे ९५ गोल होते आणि त्यांनी ५४ खाल्ले होते, म्हणजे भागाकार सुमारे १.७५९. वुल्व्हजचे ९८ आणि ५६, म्हणजे बरोबर १.७५०. वुल्व्हज तिसरे ठरले. आता हाच हिशेब आजच्या गोलफरकाने करून पाहा. युनायटेडचा फरक ४१ येतो आणि वुल्व्हजचा ४२. गोलफरकाची पद्धत १९७६-७७ पासून लागू झाली. ती तीस वर्षे आधी असती, तर याच खेळाडूंच्या याच निकालांपुढे तीनऐवजी दोनचा आकडा असता. तीन वर्षांनी, १९४९-५० मध्ये, वुल्व्हज ५३ गुणांवर पोर्ट्स्मथशी बरोबरीत राहिले आणि गोल-सरासरीवर विजेतेपद पोर्ट्स्मथकडे गेले, पण तिथे मात्र कोणताही हिशेब लावला तरी पोर्ट्स्मथच सरस होते आणि ते मान्य केलेच पाहिजे.

कलिस १९४८ मध्ये मॅनेजर झाले आणि पुढच्याच वर्षी लेस्टरला ३-१ असे हरवून एफए कप आला. १९५३-५४ मध्ये ५७ गुणांसह क्लब प्रथमच देशाचा विजेता झाला आणि दुसऱ्या क्रमांकावर शेजारचाच कट्टर प्रतिस्पर्धी वेस्ट ब्रॉमविच अल्बियन होता. मोलिन्यूवर तेव्हा विजेच्या दिव्यांखाली परदेशी संघांशी सामने होत. १३ डिसेंबर १९५४ रोजी हंगेरीचा होन्वेद संघ आला, ज्यात पुष्काश, कोचिश आणि बोझिक होते. याच खेळाडूंच्या बळावर हंगेरीने त्याआधीच्या तेरा महिन्यांत इंग्लंडला ६-३ आणि ७-१ असे धुऊन काढले होते. होन्वेदने दोन गोलांची आघाडी घेतली आणि उत्तरार्धात वुल्व्हजने तीन गोल करून सामना जिंकला. इंग्लिश वृत्तपत्रांनी वुल्व्हजला जगज्जेते म्हटले, ते फ्रान्सच्या 'लेकिप' दैनिकाचे गाब्रिएल आनो यांना पटले नाही. त्यांनी युरोपातल्या विजेत्या क्लबांची रीतसर स्पर्धा भरवण्याची कल्पना मांडली आणि १९५५ मध्ये युरोपियन कप सुरू झाला. गंमत म्हणजे ज्या सामन्यातून आजच्या चॅम्पियन्स लीगचे मूळ निघाले, त्याला हंगामवार नोंदीत एकाही रकान्यात जागा नाही, कारण तो मैत्रीपूर्ण सामना होता. माझ्या वहीत तो शेऱ्यात आहे.

पुढच्या चार ओळी कोणाही चाहत्याने पाठ कराव्यात अशा आहेत. १९५७-५८ मध्ये १०३ गोल, १९५८-५९ मध्ये ११०, १९५९-६० मध्ये १०६ आणि १९६०-६१ मध्ये पुन्हा १०३. सलग चार हंगाम शंभरावर गोल. पहिल्या दोन हंगामांत विजेतेपद मिळाले. १९५७-५८ चे ६४ गुण आजच्या वाचकाला फार वाटणार नाहीत, पण तेव्हा विजयाला दोनच गुण मिळत. २८ विजय आणि ८ बरोबरी यांना आजच्या तीन गुणांच्या हिशेबाने मांडले तर ९२ गुण होतात. तिसऱ्या हंगामात, १९५९-६० मध्ये, वुल्व्हज ५४ गुणांवर थांबले. बर्नलीने आपला अखेरचा सामना मँचेस्टर सिटीविरुद्ध २-१ असा जिंकून ५५ गुण केले आणि विजेतेपद नेले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत वुल्व्हजने ब्लॅकबर्नला ३-० असे हरवून एफए कप जिंकला. लीग आणि कप एकाच हंगामात जिंकण्याचा पराक्रम विसाव्या शतकात तोवर कोणालाच जमला नव्हता. वुल्व्हजला तो एका गुणाने हुकला आणि पुढच्याच वर्षी टॉटनहॅमने साधला. या संघाचा १९५९ पर्यंतचा कर्णधार बिली राइट याने इंग्लंडकडून १०५ सामने खेळले, त्यांपैकी ९० कर्णधार म्हणून. आंतरराष्ट्रीय सामन्यांची शंभरी गाठणारा तो जगातला पहिला फुटबॉलपटू होता.

ठाण्याला नौपाड्यात राहणारा माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे येतो, तेव्हा ही वही हमखास बाहेर निघते. एकदा त्याने १९६१ पर्यंतच्या ओळी उत्साहाने वाचल्या आणि मग पाने उलटत विचारले, "मामा, पुढचं विजेतेपद कुठे आहे?" पहिल्या श्रेणीचे पुढचे विजेतेपद अजून आलेले नाही, असे मी सांगितल्यावर त्याला उरलेली पाने वाचण्याचे कारणच दिसेना. त्याचा प्रश्न स्वाभाविक होता आणि त्याला द्यावयाचे उत्तर मला त्या वेळी नीट मांडता आले नसले, तरी ते त्या उरलेल्या पानांतच आहे.

१९६४ च्या सप्टेंबरमध्ये कलिस यांना क्लबने काढून टाकले आणि त्या हंगामाअखेर क्लब दुसऱ्या विभागात घसरला. १९६७ मध्ये तो परतला. १९७१-७२ मध्ये यूएफा कपचा अंतिम सामना टॉटनहॅमकडून गमावला. १९७४ मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून लीग कप आला. १९७६ मध्ये घसरण आणि १९७७ मध्ये दुसऱ्या विभागाचा विजेता म्हणून पुनरागमन झाले. १९८० मध्ये अँडी ग्रेच्या गोलवर नॉटिंगहॅम फॉरेस्टला हरवून पुन्हा लीग कप मिळाला. ग्रेला १९७९ मध्ये घेताना सुमारे पंधरा लाख पौंड मोजले होते आणि ती त्या वेळची ब्रिटनमधली विक्रमी रक्कम होती. त्याच वर्षी मोलिन्यूवर जॉन आयर्लंड स्टँड उभा राहिला. तो मैदानाच्या कडेपासून बराच दूर बांधला होता, कारण पुढे मैदानच त्याच्याकडे सरकवायचे होते. ते कधी झाले नाही आणि त्या बांधकामाच्या कर्जाने मात्र क्लबची मान धरली.

१९८१-८२ मध्ये क्लब पुन्हा घसरला आणि १९८२ च्या उन्हाळ्यात दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना नव्या मालकांनी तो ऐनवेळी घेतला. एका वर्षात बढतीही मिळाली. मग ज्या तीन ओळी येतात, त्या मी अनेकदा बोट ठेवून वाचल्या आहेत. १९८३-८४, पहिली श्रेणी : ६ विजय, ११ बरोबरी, २५ पराभव, शेवटचा क्रमांक. १९८४-८५, दुसरी श्रेणी : ८ विजय, ९ बरोबरी, २५ पराभव, शेवटचा क्रमांक. १९८५-८६, तिसरी श्रेणी : ११ विजय, १० बरोबरी, २५ पराभव, तेविसावा क्रमांक आणि चौथ्या विभागात रवानगी. श्रेणी दर वर्षी सोपी होत गेली, तरी पराभवांचा आकडा पंचवीसच राहिला, कारण दर वर्षी क्लबकडचे चांगले खेळाडू विकले गेले आणि संघ श्रेणीच्याच वेगाने दुबळा होत गेला. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या मैदानावर आग लागून ५६ माणसे गेली. त्यानंतर आलेल्या सुरक्षा नियमांमुळे मोलिन्यूचे दोन जुने स्टँड बंद करावे लागले. जिथे होन्वेदला पाहायला पन्नास हजारांहून अधिक लोक आले होते, तिथे तीन-चार हजार माणसे विखरून बसू लागली.

हे दिवस गावाचेही होते. वुल्व्हरहॅम्प्टन हे कुलुपे, सायकली आणि मोटारींच्या कारखान्यांचे गाव. जवळच्या बिल्स्टनचा पोलाद कारखाना १९७९ मध्ये बंद झाला आणि आसपासच्या कितीतरी घरांतली मिळकत आटली. वागळे इस्टेट आणि पोखरण रस्त्यावरचे कारखाने एकामागून एक बंद होताना ज्यांनी पाहिले आहेत, त्या ठाणेकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. अशा गावात शनिवारचा सामना हरणे म्हणजे काय असेल, हे गुणतालिका सांगत नाही. ती फक्त पंचविसाचा आकडा तीनदा लिहिते.

१९८६ मध्ये क्लब दुसऱ्यांदा बुडीत निघाला, तेव्हा वुल्व्हरहॅम्प्टनच्या नगर परिषदेने मैदान विकत घेतले. शेजारच्या जागेवर सुपरमार्केट बांधण्याची परवानगी मिळाली, त्या बदल्यात क्लबचे देणे फेडले गेले आणि ओळ तुटली नाही. आपल्याकडची उदाहरणे आठवली की या व्यवस्थेचे महत्त्व कळते. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता होता आणि २०१० मध्ये कंपनीने निर्णय घेताच तो संघ बंद झाला. त्याची नोंद वहीच्या अर्ध्या पानातच संपते. मुंबई सिटीने पहिले दोन हंगाम आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर काढले, पुढे २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण २०१४ मध्ये आठांत सातवे आलेल्या याच संघाला त्या क्रमांकाची किंमत मोजावी लागली नव्हती, कारण तिथून खाली जाण्याची वाटच ठेवलेली नव्हती. खाली जाण्याची भीती नसेल, तर हंगामवार यादीतल्या खालच्या क्रमांकांना काही अर्थच उरत नाही, आणि मला हा भारतीय लीगमधला सर्वांत मोठा उणेपणा वाटतो.

चौथ्या विभागातला पहिला हंगाम, १९८६-८७. नोव्हेंबरमध्ये एफए कपच्या पहिल्याच फेरीत चोर्ली या लीगबाहेरच्या क्लबने दोन सामने बरोबरीत सुटल्यावर तिसऱ्या सामन्यात वुल्व्हजला ३-० असे हरवले. त्याच महिन्यात मॅनेजर ग्रॅहम टर्नर यांनी वेस्ट ब्रॉमविचकडून स्टीव्ह बुल नावाचा तरुण आणला. हंगामाअखेर वुल्व्हज ७९ गुणांसह चौथे आले. थेट बढती पहिल्या तिघांना होती आणि तिसऱ्या साउथएंडचे गुण ८० होते. बढतीची उरलेली जागा जादा सामन्यांतून ठरवणारी प्ले-ऑफची पद्धत नेमकी त्याच वर्षी सुरू झाली आणि तिच्या अंतिम लढतीत ऑल्डरशॉटने वुल्व्हजला दोन्ही सामन्यांत हरवले. त्या ऑल्डरशॉटचे लीगमधले गुण होते ७०. नऊ गुण जास्त मिळवूनही क्लब चौथ्या विभागातच राहिला.

आणि मग १९८७-८८ : २७ विजय, ९ बरोबरी, १० पराभव, ९० गुण, चौथ्या विभागाचे विजेतेपद. बुलचे सर्व स्पर्धांत मिळून ५२ गोल. १९८८-८९ : २६ विजय, १४ बरोबरी, ६ पराभव, ९२ गुण, तिसऱ्या विभागाचे विजेतेपद. बुलचे ५० गोल. त्याच मे महिन्यात बुल स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून प्रथमच खेळला आणि त्याने गोल केला. या दोन ओळींनी वुल्व्हज इंग्लिश फुटबॉलच्या चारही श्रेणी जिंकलेला क्लब झाला. माझ्या भाच्याला मी हे सांगायला हवे होते की पहिल्या श्रेणीचे विजेतेपद पुष्कळ क्लबांकडे आहे, पण चारही पायऱ्यांवर कधी ना कधी पहिला आलेला क्लब शोधायला गेले तर बोटांवर मोजण्याइतकेच सापडतात, आणि त्यासाठी तळाला जाऊन यावे लागते. म्हणून पंचवीस पराभवांच्या त्या तीन ओळी मला वगळायच्या नाहीत. त्यांच्याशिवाय पुढच्या दोन ओळींना उंचीच राहत नाही.

बुल १९९९ पर्यंत खेळला, त्याने क्लबसाठी ३०६ गोल केले आणि वुल्व्हजकडून पहिल्या श्रेणीत त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. कारण १९८९-९० पासून २००२-०३ पर्यंत सलग १४ हंगाम क्लब दुसऱ्या श्रेणीत अडकून राहिला. मालक सर जॅक हेवर्ड यांनी आपला पैसा ओतून मोलिन्यू नव्याने बांधले, तरी क्रमांक दहा, बारा, अकरा, अकरा, आठ असे सरकत राहिले. १९९५ आणि १९९७ मध्ये प्ले-ऑफमध्ये पराभव झाला. २००१-०२ मध्ये हातात आलेली थेट बढती अखेरच्या आठवड्यांत निसटली. वेस्ट ब्रॉमविच ८९ गुणांसह वर गेले आणि ८६ गुणांचे वुल्व्हज प्ले-ऑफमध्ये हरले. पुढच्या वर्षी अवघ्या ७६ गुणांनिशी पाचवे आलेल्या संघाने कार्डिफला झालेल्या अंतिम सामन्यात शेफील्ड युनायटेडला ३-० असे हरवले आणि १९ वर्षांनी क्लब पहिल्या श्रेणीत परतला. ८६ गुणांना जे मिळाले नाही, ते ७६ ना मिळाले. २००३-०४ मध्ये लगेच घसरणही झाली. त्या वर्षी खाली गेलेल्या लेस्टर, लीड्स आणि वुल्व्हज या तिघांचेही गुण ३३ होते, आणि विसावा क्रमांक वुल्व्हजकडे आला तो लीड्सशी गोलफरकही सारखाच असताना केलेले गोल दोनने कमी पडल्यामुळे.

२००८-०९ ची ओळ लिहिताना मी थबकलो होतो. २७ विजय, ९ बरोबरी, १० पराभव, ९० गुण, चॅम्पियनशिपचे विजेतेपद. आकडे १९८७-८८ च्या ओळीतले जसेच्या तसे होते, फक्त श्रेणी दोन पायऱ्या वरची. नंतर २०११-१२ आणि २०१२-१३ मध्ये लागोपाठ दोनदा घसरण झाली आणि जुन्या चाहत्यांना १९८० च्या दशकाची आठवण झाली असणार. या वेळी मात्र घसरण तिसऱ्या श्रेणीतच थांबली. २०१३-१४ मध्ये लीग वनचे विजेतेपद १०३ गुणांसह जिंकले, जो त्या श्रेणीचा विक्रम २०२४-२५ मध्ये बर्मिंगहॅम सिटीने १११ गुण मिळवेपर्यंत टिकला. २०१६ मध्ये फोसुन ही चिनी कंपनी मालक झाली आणि मॅनेजर नुनो एस्पिरितो सांतो यांच्या हाताखाली २०१७-१८ मध्ये ९९ गुणांसह चॅम्पियनशिप जिंकली गेली.

त्यानंतरच्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात. २०१८-१९ मध्ये ५७ गुण आणि सातवा क्रमांक. २०१९-२० मध्ये ५९ गुण आणि पुन्हा सातवा क्रमांक. पहिल्या सातव्या क्रमांकाने क्लबला युरोपा लीगची, म्हणजे चॅम्पियन्स लीगखालच्या युरोपीय स्पर्धेची, दारे उघडली, कारण त्या वर्षी एफए कप आणि लीग कप हे दोन्ही मँचेस्टर सिटीने जिंकल्यामुळे युरोपातली एक जागा लीगमध्ये खाली सरकली. दुसऱ्या सातव्या क्रमांकाने मात्र काहीच दिले नाही, कारण आठव्या आलेल्या आर्सेनलने एफए कप जिंकून ती जागा घेतली. सहाव्या टॉटनहॅमचे गुणही ५९ च होते. त्यांचा गोलफरक १४ आणि वुल्व्हजचा ११. लीगच्या अखेरच्या दिवशी चेल्सीविरुद्ध ०-२ असा पराभव झाला, त्यातले दोन गोल या फरकात मोजलेले आहेत. एक वाट तरीही उरली होती, ती म्हणजे युरोपा लीगच जिंकण्याची. जुलै २०१९ मध्ये सुरू झालेली ती मोहीम महामारीमुळे लांबत ११ ऑगस्ट २०२० पर्यंत चालली. उपांत्यपूर्व सामन्यात सेव्हिलाविरुद्ध वुल्व्हजच्या राऊल हिमेनेझची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली आणि ८८ व्या मिनिटाला सेव्हिलाच्या लुकास ओकाम्पोसने हेडर मारून सामना संपवला. पुढच्या हंगामात, युरोपाविना, क्लब ४५ गुणांवर तेरावा आला आणि नुनो गेले. २०१९-२० च्या ओळीपुढे शेऱ्याचा रकाना पुरला नाही, म्हणून ही हकीकत मी समासात आडवी लिहिली आहे.